सूपभर कोंड्याचा सौदा

मी आयुष्यात पोरं विकली आहेत. हे मी बोलले की माझी सून तोंडाला पदर लावते आणि म्हणते, "आई, पाहुण्यांसमोर तरी असं बोलू नका." आता विकली तर विकली म्हणायला लाज कसली? चोरून थोडीच विकली? एका सौद्याला तर अख्खी शाळा साक्षीला होती, आणि गुरुजीसुद्धा.

पहिला सौदा झाला तेव्हा महाराष्ट्र नवानवा होता आणि मीही नवीनच होते. साखरखेर्ड्याहून लग्न होऊन धाडजवळच्या एका लहानशा गावात आले होते. आमच्या भिंतीला भिंत लावून शेजारीण राहायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी, आणि आवाज इतका बारीक की जवळ बसूनही "काय म्हणालात?" असं विचारावं लागे. तिची आधीची दोन बाळं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. तिसरा मुलगा झाला आणि गावच्या सुईणीनं हुकूम सोडला, "हे लेकरू हिचं म्हनून ठेवू नका. उकिरड्यावर टाका, दुसरीनं उचलू द्या, मंग हिनं इकत घ्यावं."

आमच्याकडे तशी रीत होती. ज्या घरात मूल जगत नाही, तिथलं बाळ सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवायचं. दुसऱ्या बाईनं सापडल्यासारखं करून ते उचलायचं आणि आपल्या घरी न्यायचं. मग खऱ्या आईनं तिच्या दारात जाऊन सूपभर कोंडा द्यायचा आणि ते विकत घ्यायचं. म्हणजे नशिबाला वाटावं की हे या अभागी बाईचं मूल नव्हेच, विकत आणलेलं आहे, याच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही. नशीब एवढं भोळं असतं की नाही ते मला ठाऊक नाही. पण पोरगं जगलं, हे खरं.

उचलायला मला नेमलं, कारण माझ्या माहेरी आम्ही सात भावंडं आणि सातही धडधाकट. सुईण म्हणाली, "ही भरल्या घरची हाये, हिच्या हाताले यश येईन." मी उचललं. तळहातावर मावेल एवढं ते बाळ होतं. शेजारीण भिंतीला धरून धरून आमच्या दारात आली, तिनं सूपभर कोंडा दिला, मी बाळ दिलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. तेवढ्यात सासूबाईंनी चहाला हाक मारली, मी सूप ओट्यावर ठेवून आत गेले, आणि आमच्या बकरीनं सगळा कोंडा फस्त केला.

सुईणीनं कपाळावर हात मारला. "पोरी, कोंडा घरात न्या लागते व! सौदा कच्चा राह्यला." सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "बकरी बी घरातलीच हाये." आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलो. सुईण विसरली नाही. ती कधीच काही विसरायची नाही.

पोराचं नाव उकिरड्यावरूनच पाडलं. ते इथं सांगत नाही, आज तो मोठा माणूस आहे. विकत घेतलेल्या पोराची खूण म्हणून नाक टोचून त्यात एक बारीकशी तार घातली. तो वाढला तो दोन्ही घरांत मिळून. भाकर तिकडं खायचा आणि गूळ मागायला माझ्याकडं यायचा. माझी कूस तेव्हा उजवायची होती. तो दारातून "काकू, गूळ" म्हणत आला की माझा दिवस गोड व्हायचा. मला तो फार आवडायचा, आणि हे मी कुणापासून लपवलंही नाही.

सहा वर्षांचा झाला तसा त्याला शाळेत घातला. पाटी-पेन्सिल, नवी चड्डी, डोक्याला चपचपीत तेल. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. दिवाळीनंतर तो गुळाला येईनासा झाला. आधी वाटलं, मोठा झाला, लाजतो. मग एक दिवस मी त्याला हाक मारली, तर तो चक्क आईच्या मागं लपला आणि तिच्या लुगड्याआडून माझ्याकडं असा बघू लागला, जशी मी त्याला खाणार आहे. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला रागही आला. सहा वर्षांचा गूळ काय फुकट गेला?

मी त्याला गोठ्यात गाठलं. गव्हाणीजवळ बसून नाकातली तार ओढत होता. "काऊन रे, काकूचा गूळ कडू झाला का?" मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "काकू, तू मले कधी नेशीन?"

"कुठं?"

"तुह्या घरी. मायनं मले इकलं नं. तू इकत घेतलं, आन कोंडा बकरीनं खाल्ला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुईणीचा एक नातू होता, चौथीत. वर्गात सगळ्यांहून हाडापेरानं दांडगा. आई त्याची लहानपणीच गेली होती, बाप खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आणि दिवाळीला एक सदरा घेऊन येणारा. आजीनं त्याला वाढवला तो भाकरीवर आणि शिव्यांवर. तिची जीभ म्हणजे विळ्याची धार. तिच्याच तोंडून त्यानं कोंड्याची आणि बकरीची गोष्ट ऐकली, आणि मधल्या सुट्टीत एक खेळ काढला. गुरांच्या बाजारात बघतात तसं याला दगडावर उभं करायचं, ओठ वर करून दात बघायचे, नाकातली तार वेसण धरावी तशी ओढायची. मग दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तसं सदऱ्याच्या टोकाखाली हात घालून भाव करायचा. आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "नाही पटत बाप्पा, मालकीण नेईन तवा नेईन!"

माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावर असतो असं सासूबाई म्हणायच्या, पण त्या दिवशी तो पार शेंडीला पोचला. दुसऱ्या दिवशी मी हातातलं पीठ तसंच ठेवून शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत त्या दांडगेश्वराचा कान धरला. "काय बे, लहान लेकराले छळून राह्यला? हात लावून पाह्य पुन्हा त्याले!" तो नुसता तिरपा हसला. मला वाटलं, चला, काम झालं.

काम झालं होतं ते उलटंच. संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी पोरं ओरडत होती, "मालकीण आली होती! माल पाह्याले आली होती!" आणि त्यांचं म्हणणं तरी काय चूक होतं? शेजाऱ्याच्या पोरासाठी पिठाच्या हातानं शाळेत कोण धावत जातं? खऱ्या मालकाशिवाय? मी विझवायला गेले आणि आगीत तेल ओतून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत जाईना. घरातल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा. आई सोडवायची, तो पुन्हा मिठी मारायचा. त्याच्या मनानं घेतलं होतं की शाळेत गेलो की तिथूनच काकू परस्पर घेऊन जाईल. मला उंबऱ्यात बघून तर तो असा किंचाळला की मी मागल्या पावली परत फिरले. घरी येऊन चुलीपुढं बसले आणि रडले. त्याला शाळा नकोशी झाली याचं दुःख होतंच, पण मी नकोशी झाले याचं जास्त होतं.

दुपारी शेजारीण आणि मी, दोघींनी मिळून त्याला समजावलं. रीत सांगितली. नशिबाला कसं फसवायचं ते सांगितलं. आईनं तुला विकलं नाही रे, तिनं तर उलट विकत घेतलं, हेही सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि वकिलासारखा एकच मुद्दा पुढं केला, "पन कोंडा तं तुह्या घरात गेलाच नाही. आजी म्हनते, सौदा कच्चा हाये."

मला आधी हसू आलं, मग त्याच्या तोंडाकडं बघून थांबलं. आणि वाटलं, बरोबर तर बोलतोय. धाडच्या बाजारात बैल दिला आणि मोल मालकाच्या घरी पोचलंच नाही, तर बैल कुणाचा म्हणायचा? आम्ही मोठी माणसं त्याला गोष्ट सांगत होतो, आणि तो व्यवहार बोलत होता.

"बाई," मी शेजारणीला म्हटलं, "पुन्हा इकू."

"पुन्हा?"

"हाव. पक्का सौदा करू. आन या खेपेले सगळ्या शाळेपुढं."

ती घाबरली. चार माणसांपुढं बोलायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. पण खांबाला चिकटलेल्या पोराकडं तिनं पाहिलं आणि मान हलवली.

मी गुरुजींकडं गेले. ते म्हणाले, "बाई, ही सरकारी शाळा आहे. असल्या खुळचट रीती इथं चालायच्या नाहीत." मी म्हटलं, फाटकाबाहेर चालतील ना? तशी इकडंतिकडं बघून गुरुजींनी नाकपुडीवर बोट ठेवलं. तिथं एक बारीक बुजलेलं भोक होतं. "फाटकाबाहेर करा," ते म्हणाले, "मी येतो."

सौद्याच्या दिवशी सकाळी आधी बकरीला खुंट्याला करकचून बांधलं. पोराला सांगितलं होतं की आज तुझी माय तुला पक्कं घेणार आहे. त्याला एकच काळजी, "कोंडा पुरन का?" आईशेजारी बसून त्यानं स्वतः कोंड्यातले खडे निवडले. कमी माल दिला असं पुढं कुणी म्हणायला नको.

शाळा सुटली. फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली मी बसले, तो माझ्याशेजारी. माझं बोट त्यानं घट्ट धरलं होतं, डोळे मात्र आईच्या वाटेवर. पोरांनी कडं केलं. सुईणीचा नातू दगडावर चढून उभा राहिला, तोच तिरपा हसत. गुरुजी छत्री टेकून एका बाजूला. तेवढ्यात शेजारीण आली, कमरेवर सूप, डोक्यावरून पदर, मान खाली.

"काय देता?" मी खणखणीत आवाजात विचारलं.

"सूपभर कोंडा," ती पुटपुटली.

"कोंडा? अवं बाई, माल तं पाहा! दात पाहा!" मी पोराचा ओठ वर केला. पुढचे दोन दात नेमके पडलेले. पोरं खो खो हसली.

"दोन कमी हायेत," ती म्हणाली. तिनं विनोद केलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"नवे येतीन ते तुमालेच भेटतीन नं. बोला!"

"एक पायली जवारी."

"नाही जमत."

तोच गुरुजी खाकरले. "बाई, थोडं वाढवा. माझ्या आईनं मला दोन पायल्या देऊन घेतलं होतं." सगळी पोरं वळून त्यांच्या नाकाकडं बघू लागली. गुरुजींनी चष्मा वर केला आणि नाक पुढं करून ते भोक सगळ्यांना नीट दाखवलं. हसणं बंद झालं. गुरुजी विकत घेतलेले होते!

"दोन पायल्या," शेजारीण म्हणाली. आता आवाज जरा वर आला होता. "आन माही पांढरी कोंबडी."

"ते तं अंडी आमच्याच घरी घालते. ते आमचीच झाली."

पोरगं माझ्याशेजारी चुळबुळ करू लागलं. त्यानं खिशात हात घातला, चार बोरं आणि पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्या ओच्यात टाकला. "काकू, हे बी घे. आता दे नं मले."

खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. पण घासाघीस एकदा सुरू केली की अर्ध्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही. "नाही जमत बाप्पा," मी म्हटलं, आणि पोराचा हात धरून उठल्यासारखं केलं.

आणि शेजारणीनं सूप धाडकन खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरलाही नाही. "घर घे माहं!" ती ओरडली. "शेत घे! बैलजोडी घे! समदं घेऊन टाक बाई, पन माहं लेकरू दे!"

लिंबावरचे कावळे उडाले. जिचं बोलणं शेजारी बसून ऐकू येत नव्हतं, तिचा आवाज त्या दिवशी पार वेशीपर्यंत गेला. सगळी पोरं तोंड उघडं टाकून उभी. माझा पोरगा आईकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते मी अजून विसरले नाही. त्याला आपली किंमत कळली होती.

"घर ठेव तुलेच," मी कसंबसं म्हटलं. "सूपभर कोंडा दे आन घेऊन जाय."

मी त्याला उचलून तिच्या हातात दिलं. त्यानं तिच्या कमरेला पायांचा विळखा घातला. आता रडेल असं वाटलं, तर तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत ओरडला, "काकू, कोंडा घरात ने! लवकर ने!"

मी सूप डोक्यावर घेतलं आणि पळत सुटले. मागं सगळी शाळा, "घरात ने! घरात ने!" करत. गल्लीतल्या बाया दारात आल्या, कुत्री भुंकू लागली, बकरी खुंट्याला हिसके देऊन ओरडत होती. मी थेट आतल्या खोलीत जाऊन कोंडा रांजणात ओतला आणि वर झाकण ठेवलं. दारात उभ्या पोरांना गुरुजींनी विचारलं, "सौदा पक्का?" "पक्का!" संध्याकाळी तो गुळाला आला. पहिल्यासारखाच, न विचारता.

पुढचे कित्येक दिवस गावातल्या बायका माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. ज्या त्या पोराला आईनं आपल्याला विकत घ्यायला पाहिजे होतं. एका पोरीला तिच्या आईनं अर्धंच सूप कबूल केलं, तर ती रुसून जेवली नाही. ज्यांच्या आया कामात होत्या, त्या पोरांना फुकटचा माल म्हणून बाकीचे चिडवू लागले. माझा गूळवाला पोरगा आता नाकातली तार पुसून चकचकीत ठेवायचा.

एक दिवस दुपारी सुईणीचा नातू माझ्या दारात येऊन उभा राहिला. अंगठ्यानं उंबरा खरवडत.

"काय पाह्यजे बे?"

"काही नाही." मग उंबऱ्याकडंच बघत, "काकू, मोठ्या पोराले इकता येते का?"

"येते की. पन तुले घेईन कोन बे?" माझी जीभ नेहमीसारखी चालली.

त्यानं मान खाली घातली. "तेच तं," तो म्हणाला.

आई नसलेलं पोरगं ते. त्याचा कान धरताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी काही बोलणार, तोच ओट्यावर गूळ खात बसलेला माझा पोरगा उठला आणि तोंडातल्या गुळासकट गल्लीतून ओरडत धावला, "आजी व! ओ आजी! कोंडा आना! तुमचा नातू इकायले काढला!"

सुईण तरातरा आली, शिव्या देतच. "कोन इकते माह्या पोट्ट्याले? कोनाची हिंमत हाये?" मी त्याचं मनगट धरून उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. तो वर बघेना, कान लालभडक झालेले. म्हातारी तशीच वळली आणि निघून गेली. त्याच्या मनगटातला ताठा गेला तो माझ्या हाताला कळला.

पण म्हातारी परत आली. दोन्ही हातांनी सूप धरलेलं, आणि सुपात शिगोशीग ज्वारी. चालताना दाणे सांडत होते, तिचं लक्ष नव्हतं.

"आजी, रीत कोंड्याची हाये," मी म्हटलं.

"रीत मले शिकवतं का व?" ती फणकारली. "मी का माह्या नातवाले कोंड्यावर घेऊ?"

मी घासाघीस करणारी बाई, पण त्या वेळी भाव केला नाही. सूप ओट्यावर घेतलं आणि पोराचा हात तिच्या हातात दिला. तिनं तो घट्ट धरला. "चाल, भाकर थंडी होऊन राह्यली," एवढंच म्हणाली. दोघं गल्लीतून जाऊ लागले, आणि मी डोळे पुसत त्यांच्याकडं बघत उभी राहिले. वळणावर तो दांडगेश्वर थांबला, मागं वळला आणि जीव खाऊन ओरडला, "काकू, बकरी!"

बकरीनं दावं तोडलं होतं आणि तिचं तोंड सुपापासून वीतभर होतं. मी सूप उचललं आणि घरात धावले.